कागदावर बरा झालेला डावा डोळा

मुरुम, सोमवार

आदरणीय व्याही शंभुलिंगअप्पा यांना गुरुसिद्धप्पाचा शरणु शरणार्थ. इकडे आम्ही सुखरूप आहोत, म्हणजे इरम्मा पूर्ण आणि मी अर्धा. तिकडे ईटला तुमची आणि विहीणबाईंची तब्येत कशी आहे? तुमचा गुडघा काय म्हणतो? (मागच्या भेटीत तोच जास्त बोलत होता.) फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुम्ही फोन स्पीकरवर लावता आणि अर्धं गाव ऐकतं.

तर डोळ्यांची हकीगत. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले तेव्हा तुम्हीच म्हणालात, धाराशिवला आपल्या विरेशच्या दवाखान्यात करा. जावईबापू तिथं विम्याची बिलं बघतात, घरचं माणूस आहे, म्हणून आम्ही निर्धास्त गेलो. आधी उजवा डोळा झाला, आणि तो इतका छान झाला की परत आल्यावर मला दुकानाच्या कोपऱ्यातली सात वर्षांची जळमटं दिसली. (इरम्माला ती सातही वर्षं दिसत होती, हे त्या दिवशी कळलं.)

महिन्यानं तपासणीला बोलावलं. माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. चाळीस वर्षं भुसाराचं दुकान केलं, पण वाचल्याशिवाय कशावर सही केली नाही. गायत्री-विरेशच्या लग्नाची यादी केली तेव्हासुद्धा मी ती दोनदा वाचली, तेवढ्यात तुमचा तीन कप चहा झाला. असा मी माणूस. पण तिथल्या बाईनं आधी डोळ्यांत थेंब घातले, अर्धा तास बाकावर बसवलं, जग सगळं ताकासारखं पांढरं झालं, आणि मग माझ्यापुढं सहा कागद धरले. मी म्हटलं, बाई, वाचून तरी दाखवा. "काका, तपासणीचंच हाय वो, लई लोक थांबल्यात," ती म्हणाली. मागं बाकावर खरंच दहा-बारा म्हातारी माणसं डोळे मिटून बसली होती. केल्या सह्या. वर शिरा मिळाला, काळा चष्मा मिळाला, आणि आम्ही नवरा-बायको उमरग्याच्या स्टँडवर भजी खाऊन खुशीत घरी आलो.

परवा डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनचं विचारायला विमा कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी मोठ्या गोड आवाजात म्हणाली, सर, तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. तारीख तीच, तपासणीची! कागदावर मी त्या दिवशी दाखल झालो, टेबलावर गेलो आणि समाधानी होऊन घरी परतलो. (समाधानी होतो हे खरं आहे, पण ते भज्यांमुळं.) मी म्हटलं, पोरी, मग मला दिसत का नाही? ती म्हणाली, ऑपरेशननंतरचं पथ्य पाळलं नसेल. अप्पा, खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही वाटलं, भजी खायला नको होती.

हसू नका. उमरग्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, मोतीबिंदू पिकलाय, महिन्याच्या आत काढा. सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन बसतो तर उजव्या डोळ्याला दर्शन होतं, डाव्याला नुसतं धुकं. डाव्या बाजूनं इरम्मा आली की आवाजावरून ओळखतो (त्यात फारशी अडचण नाही). पण मला भीती वाटते, खरंच वाटते. विमा आता या डोळ्याला ओळखत नाही, आणि सत्तरीत गेलेला डोळा परत कोण देणार?

शेजारचे दगडोबा, निवृत्त तलाठी, म्हणाले, "अप्पा, तक्रार ठोका. तुमच्यासारखे किती म्हातारे आसतील, न वाचता सह्या केलेले!" हे मला झोंबलं. बाकावरची ती सगळी माणसं आठवली. तक्रार लिहिली. कंपनीकडून फाईलची नक्कल मागवली, उजव्या डोळ्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, आणि तक्रार घडी करून खिशात ठेवली. का ठेवली ते विचारू नका.

बाकी सर्व ठीक. विहीणबाईंना शरणार्थ सांगावा.

आपला,
गुरुसिद्धप्पा

ता. क. : नको म्हटलं तरी तुम्ही विचारणारच. फाईलच्या तळाशी 'तपासलं, बरोबर आहे' अशी सही आहे. ती विरेशची आहे. लग्नाच्या यादीवर त्यानंही सही केली होती, ती शेजारी ठेवून पाहिली, तीच सही. सासऱ्यानं जावयाला धोंड्याचं जेवण घालावं, जाब कसा विचारावा? तो बापानं विचारावा. माझी आणि बाकावरच्या सगळ्यांची फाईल त्यानं स्वतः कंपनीकडं जाऊन दुरुस्त करावी. दवाखान्याचा मालक चिडला तर नोकरी सोडावी, आमच्या दुकानात गादी रिकामी आहे. अमावास्येपर्यंत थांबतो, मग तक्रार टपालात पडेल. गायत्रीला आत्ताच काही बोलू नका.

ता. क. दुसरा : त्याच दिवशी संध्याकाळी निघताना इरम्मालाही सोनेरी काड्यांचा चष्मा फुकट मिळाला. तिचा ना विमा, ना तपासणी. त्याचा खर्च कुणाच्या डोळ्याच्या नावावर लावला, हे मी विचारलं नाही. तोवर माझ्या थेंबांचा असर उतरला होता, अप्पा. उजव्या डोळ्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. तेव्हा विरेशला बोलाल ते जरा बेतानं बोला.