आमच्याकडे वास येत नाही

तीर्थस्वरूप आक्का,

साष्टांग नमस्कार. (गुडघे आखडलेत, त्यामुळे खुर्चीत बसूनच घातलाय, गोड मानून घे.) शालीच्या प्रकरणानंतर मी पत्र लिहीन असं तुला वाटलं नसेल, मलाही नव्हतं. तुझा रक्तदाब आणि भाओजींचा राग आटोक्यात असतील अशी आशा आहे. आमचं बरं चाललंय म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो. हिचा खोकला घरातलाच माणूस होऊन बसलाय. तो थांबला की मी दचकतो.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडच्या, बंदरातल्या रसायनांच्या गंजक्या टाक्या (तू त्यांना माझे व्याही म्हणायचीस) एकदाच्या पाडणार आहेत. एवढ्यात आनंद मानू नकोस. नव्या टाक्या इथेच बांधायच्या की पार धक्क्याच्या टोकाला, हे पर्यावरणाच्या तपासणीवर ठरायचंय. वस्तीला वासाचा त्रास असेल तर टोकाला, नसेल तर इथेच. डॉक्टर म्हणतात, हिला टाक्यांपासून लांब न्या. क्वार्टर सोडून जाणार कुठे? तेव्हा टाक्यांनीच लांब जायला हवं.

तपासणीच्या बाई आल्या त्या नाकाला रुमाल लावूनच. मी गोदामाचा कारकून, त्यामुळे शेजारी गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वास येतो का, असं बाईंनी विचारताच सगळ्यांचे चेहरे कोरे. निवृत्त क्रेनवाले तर बाईंच्याच अत्तरावर घसरले. हिने खोकत खोकत हवा छान असल्याचं सांगितलं. (मी डोळ्यांनी खुणावत होतो. तिला वाटलं, मला चहा हवाय.) मग बाईंनी दोन बाटल्या काढल्या, एकीत टाकीतला माल थेंबभर, पातळ करून, दुसरीत नुसतं पाणी. वास कुठलीला येतो ते दाखवायचं. आक्का, या वसाहतीचं उभ्या जन्मात कशावर एकमत झालं नव्हतं, ते तिथे झालं. सगळ्यांनी पाण्याच्या बाटलीवर बोट ठेवलं. मीसुद्धा. काहीतरी परकं वाटलं, काय करणार! बाईंनी मान खाली घालून लिहिलं, रहिवाशांची तक्रार नाही. मला तिथेच रडू येईलसं झालं. इतकी वर्षं आपण छातीत काय भरून घेतोय, ते आपल्याच नाकाने आपल्याला कधी सांगितलं नाही.

असो. भाओजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता.क. पुढच्या महिन्यात जाहीर सुनावणी आहे. नेहमी येणाऱ्या पाहुण्यांची तक्रारही चालते, असं बाई जाता जाता म्हणाल्या. आपल्या घराण्यात चालू नाक एकट्या तुझंच उरलंय. तेव्हा राग सोड आणि ये. आमच्या दारात मुरडायचीस तस्संच भर सभेत मुरड, मी चकार शब्द काढणार नाही. मात्र सकाळी येऊन संध्याकाळी परत जा. मुक्काम केलास तर तुझंही नाक रुळेल.

ता.ता.क. हिने तुला हौसेने दिलेली आणि 'वास मारतो' म्हणून तू टपालाने परत धाडलेली ती शाल काल कपाटातून काढली. मी पुष्कळ वेळ हुंगली, मग हिने हुंगली. शप्पथ सांगतो आक्का, शालीला फक्त आमच्या घराचा वास येतो.