पाळीच्या दुसऱ्या दिवशी हलवलेली पेटी

अण्णा,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही गेलेला नाही, आणि आज तो मी खुशाल काढणार आहे. परसातली सातेरी मधमाश्यांची ती पेटी तुम्हाला आठवते का? मी नववीत होते, माझी पाळी चालू होती, आणि पेटीचं दुसरं टोक धरायला कोणी नाही म्हणून तुम्हीच मला हाक मारलीत. सांगायची लाज वाटली, मी गुपचूप आले. भर दुपारी, पेटीचं दार उघडंच ठेवून, आपण ती जांभळाखालून विहिरीजवळ नेली. संध्याकाळी माश्या परत जांभळाखाली येऊन रिकाम्या जागेवर घोंगावत होत्या, आणि चार दिवसांत पेटी ओस पडली. तुम्ही आईला खोदून विचारलंत, तिनं खालमानेनं सांगितलं. मग ओसरीवर पाहुण्यांदेखत तुम्ही म्हणालात, "हिचा विटाळ लागला. हिच्यामुळे माश्या उठून गेल्या." पुढे माझ्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा तो किस्सा तुम्ही रंगवून सांगितलात. सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार होते?

इथे परदेशात, हूफडॉर्पला, मी मधमाश्या पाळायला शिकले. पहिल्याच वर्गात शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, पेटी हलवायची तर हातभर हलवा, नाहीतर पार काही किलोमीटर दूर न्या. अधेमधे ठेवलीत की चरायला गेलेल्या माश्या जुन्याच जागी परततात. आणि हलवायची ती सगळ्या आत आल्यावर, दार बंद करून. माझे कान तापले. म्हणजे माश्या तुम्ही घालवल्यात, अण्णा. पंचक्रोशी ज्यांना विचारायला यायची, त्या तुम्ही!

मग लॉकडाऊन लागला आणि एरवी ऑफिसात असणारे शेजारी दिवसभर बागेत बसू लागले. शेजारीण दीड मीटर लांब उभी राहून गोड आवाजात म्हणाली की माझ्या माश्या तिच्या कॉफीत पडतात. पेटी गाडीने वीसेक मिनिटांवरच्या एका सफरचंदाच्या बागेत न्यायची ठरली. दिवस मी निवडला. पाळीचा दुसरा दिवस, मुद्दाम. लेकीला कारण सांगितलं, तर ती डोळे फिरवून म्हणाली, "आई, द बीज डोन्ट केअर." उजाडताना, एकही माशी बाहेर पडायच्या आत, मी दाराला जाळी लावली, पेटी पट्ट्यांनी आवळली. लेक मागे पेटी धरून बसली आणि प्रत्येक गतिरोधकाला ओरडत राहिली, "स्लो, आई, स्लो!" बागेत पेटी टेकवली, थोडं थांबले, जाळी काढली. दारासमोर पानांची फांदी आडवी ठेवली, म्हणजे बाहेर पडताना त्या अडखळतात आणि नवी जागा नीट बघून घेतात. हे सगळं मी केलं, विटाळशीच्या हातांनी. आणि पेटी छान नांदते आहे. आज तिचा मध काढला. बोलवा आता तुमच्या पाहुण्यांना ओसरीवर! तुमच्या फोटोपुढे मात्र मी त्यातला थेंबही ठेवलेला नाही.

हे पाठवायचं कुठे? पत्ता असता, तरी पुढचं एवढं खोडूनच पाठवलं असतं. जाळी काढल्यावर लेक दोनदा "चल ना" म्हणाली, पण मी संध्याकाळपर्यंत त्या पेटीसमोरून हलले नाही. माझ्यामुळे माश्या उठून जातील की काय, म्हणून.