हिरवी रेघ

निपाणी,
दि. २० जुलै २०२५

चि. उपासना हिस,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

मी खुशाल आहे. हे आधी लिहितो, कारण मंगळवारच्या गोंधळानंतर तुझा जीव थाऱ्यावर नसेल. पावसाळ्यातला वर्षावास सुरू झाल्यापासून विहारातल्या भंतेजींनी सांगितलंय, की सकाळी थोडा वेळ नुसतं श्वासाकडे लक्ष देऊन बसावं. म्हणून कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत डोळे मिटून बसलो. छान लागलं होतं गं चित्त. तोच शेजारची नागुबाई पिठाच्या हातांनी दार ढकलून आत आली आणि तिने तांब्याभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. तुझ्या त्या कॅमेऱ्यातून म्हणे तिच्या मोबाइलवर सूचना गेली, की घरात माणूस हालत नाही. मी डोळे उघडल्यावर तिने मलाच झापलं, की जिता माणूस असा बसतो व्हय, निदान मान तरी हलवायची. मग पदराने माझं डोकं पुसता पुसता रडायलाच लागली. तिला एकदा फोन कर.

तुझी आई गेल्यापासून घर फार मोठं वाटतं. तिच्या पुण्यानुमोदनानंतर तू कॅमेरा बसवलास तेव्हा मी लई कुरकुर केली होती, पण आता त्याचाच आधार आहे. खिडकीजवळची खुर्ची मी त्याच्यासमोर आणून ठेवली आहे. तू बघशील आणि घर रिकामं दिसलं तर तुझं कामात लक्ष लागायचं नाही, म्हणून विहारातलं रविवारचं ग्रंथवाचनही सोडलं. चहा पिताना कप जरा वर धरतो. ते तुला दिसत असेलच.

पत्र लिहीत जा. फोनवर आपलं बोलणं जेवलीस का, यावरच संपतं. बोरगावात जन्मभर लोकांची पत्रं वाटली, आता माझ्या दारी एखादं येऊ दे.

लोभ आहेच, तो असाच कागदावर उतरत राहो.
तुझा,
आप्पा

बंगळूर,
दि. २७ जुलै २०२५

ती. आप्पांस,
सविनय जयभीम वि. वि.

तुमचं पत्र वाचून ऑफिसात एकटीच हसले. नागुकाकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, की बाप आंघोळ करत नव्हता, ती घालून दिली. सकाळी आता ती सूचना जाणार नाही, अशी सोय केली आहे.

पण आप्पा, माझ्यासाठी तुम्ही खुर्चीत अडकून बसू नका. मी ते चित्र बघत नाही. सुरुवातीला बघायचे, पण मग दिवसभर कामच व्हायचं नाही. आमच्याकडे हजारो यंत्रं चालतात, एकेकाकडे कोण बघत बसणार? सगळ्यांची मिळून पडद्यावर एक रेघ येते. हिरवी असली की सगळं ठीक, लाल झाली की धावायचं. साहेब नेहमी सांगतात, की एकात गुंतलात तर बाकीचं हातचं जाईल. घराचीही मी तशीच रेघ करून घेतली आहे. त्या मंगळवारचा गोंधळ सोडला तर ती वर्षभर हिरवी आहे, तेवढं बघून मी निर्धास्त असते.

माझं ठीक चाललंय. खोलीवर येते, डबा उघडते, मोबाइल बघत जेवते. काय खाल्लं, ते नंतर आठवत नाही. डिसेंबरात यायचं म्हणतेय, पण नक्की सांगत नाही.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
तुमची,
उपासना

निपाणी,
दि. ३ ऑगस्ट २०२५

चि. उपासना हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. राग नाही. वाईट मात्र वाटलं, ते लपवत नाही. त्या संध्याकाळी सवयीने कप वर धरला आणि तसाच खाली ठेवला. समोर कुणीच नव्हतं म्हटल्यावर तुझ्या आईची फार आठवण आली.

दुसऱ्या दिवशी भंतेजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, की पाऊल उचललं हे कळणं म्हणजे स्मृती आणि ते कुठे नि कशासाठी चाललंय हे कळणं म्हणजे संप्रजन्य. एकाने भागत नाही, दोन्ही लागतात. घरी येताना वाटलं, बापलेकींना अर्धं अर्धंच जमलंय. मी एकेक दिवस नीट बसून काढला, पण कुणासाठी बसलोय ते विचारलं नाही. तुला सबंध वर्ष दिसतं, पण त्यात आप्पा दिसत नाही.

येत्या रविवारपासून ग्रंथवाचनाला जाणार आहे. घर दोन-तीन तास रिकामं राहील, रेघ लाल झाली तर घाबरू नको. खुर्ची परत खिडकीशी नेतो, तिथून कोल्हापूरची गाडी जाताना दिसते. डिसेंबरचं नक्की नसेल तर आत्ता सांगू नको. मग मी वाटच बघत बसतो.

वेळच्या वेळी जेव. लोभ आहे, काळजी करू नये.
तुझा,
आप्पा

बंगळूर,
दि. १० ऑगस्ट २०२५

ती. आप्पांस,
सविनय जयभीम वि. वि.

आज रेघ लाल झाली. तुम्ही कळवलं होतं, तरी कित्येक महिन्यांनी ते चित्र उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. मधोमध खुर्ची, तोंड माझ्याकडे. ती खिडकीशी नेणं तुमच्याच्याने झालं नव्हतं. भिंतीवरच्या आईच्या फोटोला ताजा हार होता. मी दुसरं काही केलं नाही, तुम्ही परत येईपर्यंत तिथेच बघत बसले. रिकाम्या घराकडे बघत बसणं किती जड जातं, ते मला माहीत नव्हतं.

मग तुम्ही आलात. चपला काढल्यात, टोपी खुंटीला लावलीत. कॅमेऱ्याकडे पाहिलंही नाहीत. खुर्ची ओढत खिडकीशी नेलीत, मध्ये दोनदा थांबलात आणि माझ्याकडे पाठ करून बसलात. सदरा किती सैल झालाय, आप्पा. डावा खांदाही खाली आलाय. हे कधी झालं? आणि तेवढ्यात रेघ पुन्हा हिरवी झाली. सगळं ठीक आहे म्हणून.

साहेबांना सांगून टाकलंय. गुरुवारी रात्रीच्या बसने निघते, पंधरा ऑगस्टला सकाळी निपाणीत उतरेन. स्टँडवर येऊ नका. खुर्ची आहे तिथेच राहू द्या. मी दारातून येईन.

तोवर लोभ सांभाळून ठेवा.
तुमची,
उपासना