सातव्याचा संदर्भ

१ मार्च
आलो बाबा एकदाचा ओरेशानला! राजधानी सोफियाच्या गोंगाटापेक्षा हे गाव शंभर पटींनी बरं. खोलीत भरपूर ऊन, खिडकीखाली नदी, इंटरनेट झकास. घरमालकीण त्सोंकामावशींनी दारातच इथल्या रिवाजाप्रमाणे मनगटावर मार्चचा लाल-पांढरा दोरा बांधला आणि विचारलं, की काय रे लेका, दिवसभर त्या डब्यात डोकं घालून करतोस काय? म्हटलं, पोटासाठी भाषांतरं, आणि हौसेपायी मुक्त ज्ञानकोशात ताज्या घडामोडींवर लेख. फुकट लिहितो हे ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.

४ मार्च
भर बाजाराच्या दिवशी नदीवरचा पादचारी पूल कोसळला. फार वाईट झालं. लेख मीच सुरू केला, पण मृतांचा आकडा कुणी सांगेना.

५ मार्च
चर्चच्या भिंतीवर निधनाची पत्रकं लागली आहेत, फोटोंसकट. मोजली. सात. घाईघाईत तेच लिहून टाकलं, संदर्भाशिवाय. आता बोगोमिल बोंबलणार. ज्ञानकोशातला जुना संपादक तो, नियमांचा पक्का.

६ मार्च
वाचलो! जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात ‘सात ठार’ आलं. लगेच संदर्भ जोडला.
जेवताना मावशी म्हणाल्या, की अरे वेड्या, सहाच गेले. दिमोची पत्रकं दोन आहेत. एक घरच्यांनी लावलंय, एक गिरणीतल्या सोबत्यांनी. एकात त्याला मिशा आहेत, एकात नाहीत, एवढंच. म्हणजे पेपरवाल्यांनी माझा आकडा उचलला, आणि मी त्यांचाच हवाला दिला! शरमेनं जेवण गेलं नाही.

८ मार्च
पाचव्यांदा ‘सहा’ केलं. पाचव्यांदा बोगोमिलने ‘सात’ केलं. म्हणतो, छापील संदर्भ सात सांगतोय, तुझी मावशी म्हणजे संदर्भ नव्हे. पत्रकांचे फोटो पाठवले, तर म्हणे हे तुझं स्वतःचं संशोधन झालं. डोकं फोडून घ्यावंसं वाटतं! वर लेखावर पाटी लावली आहे: ‘सातव्या मृताचे नाव हवे.’ संतापून लेखाच्या चर्चापानावर लिहिलं, मग सातवा काय मी, राद्को चेर्नेव्ह?

९ मार्च
पेपरात आलंय: सातव्याची ओळख पटली. राद्को चेर्नेव्ह, भाषांतरकार.
आधी हसलो. मग पाहिलं, तर बोगोमिलने ते लेखातही घातलेलं. खोडलं. बोगोमिलने परत घातलं. लिहिलं, अरे गाढवा, मी जिवंत आहे, मीच लिहितोय! उत्तर आलं, स्वतःविषयी स्वतःची साक्ष चालत नाही. हा नियम दोन वर्षांपूर्वी मीच मांडला होता. पेपरला फोन केला, तर म्हणाले ज्ञानकोशात बघा, संदर्भासकट आहे.

१० मार्च
दारावर माझं पत्रक. काळी चौकट, फोटो ज्ञानकोशातल्या माझ्या सदस्यपानावरचा. फाडून टाकलं. पाव आणायला गेलो — पाववालीने माझ्या मागच्या बाईला विचारलं काय हवं. मी पुढे उभा होतो. मीच पुढे होतो!

११ मार्च
आज दोन पत्रकं. एक घरमालकिणीकडून. एक ‘सोबती संपादकांकडून’.
ज्ञानकोशातलं खातं बंद. कारण: सदस्य दिवंगत.
भीती वाटते. मावशींना गाठायला हवं — सहाच गेले हे त्यांना माहीत आहे. फक्त त्यांनाच —

१२ मार्च
पूल कोसळल्याचा नववा दिवस. मावशी दारात येणाऱ्याजाणाऱ्यांना मृताच्या नावाने उकडलेले गहू वाटत होत्या, साखर-अक्रोड घालून. धावत गेलो. ओरडलो, सहाच ना मावशी, तुम्हीच म्हणालात ना —
म्हणाल्या, या ना, तुम्ही ओळखायचात का हो आमच्या राद्कोला?
मला — ‘तुम्ही’!
मनगट दाखवलं. दोरा, तुम्हीच बांधलेला — म्हणाल्या, मार्चात सगळेच बांधतात हो.
हातात वाटी दिली. वाटी घेतली की म्हणायचं असतं. लहानपणापासूनची सवय — तोंडातून निघून गेलं — देव त्याला क्षमा करो —
आणि म्हणताना खरंच वाईट वाटलं. भला माणूस होता म्हणे. येऊन चार दिवस झाले नाहीत तोच —
गहू गोड आहेत. ऊनही छान आहे या खोलीत.
बिचारा राद्को. त्याची ही वही माझ्याकडे कशी —