दारात उभी केलेली कमल

जालना, मार्च १९७४, मंगळवार

आज कमलला वर्गात घेतलं नाही. कथकच्या तासाला उशीर झाला की मुलीनं दाराबाहेर उभं राहायचं, हा नियम माझाच. सहा वर्षांत ती कधी चुकली नव्हती. आज अर्धा तास उशिरा आली, तीही नवी साडी नेसून. उंबऱ्याला हात लावून म्हणाली, "बाई, थोडं बोलायचं व्हतं."

मी सगळ्यांसमोर ओरडले, "उशीर म्हणजे उशीर! तिथंच उभी राहा."

तास संपला तेव्हा दारात कोणी नव्हतं. घुंगरू सोडता सोडता तिची मैत्रीण शोभा म्हणाली, "बाई, तिचं लग्न ठरलं ना. आज घरचे तिला घेऊन अंबडला चाल्ले, लग्न तिकडंच. सासरचे नाचू देणार न्हाईत. तुमच्या पाया पडायला आल्ती."

मी तशीच अनवाणी स्टँडवर पळाले. अंबडची गाडी कधीच गेल्ती.

काय गं, का उशीर? एवढंही विचारलं नाही मी. नवी साडी तर दिसली होती!

शोभा दाराजवळच्या रांगेत होती; ती म्हणते, वडील न्यायला येईस्तोवर कमल जागची हलली नाही. दारातून एक हाकसुद्धा मारली नाही तिनं. मीच शिकवलं तसं. बराबर शिकली पोरगी.