तपासणी : शोभा, रामाकोना

५ जाने., सोम. पांढुर्णा
मी बनवलेली, एका शिक्षण संस्थेच्या भरतीची साइट सुरू झाली. साहेब नागपूरहून फोनवर खूष. दृष्टिहीनांना साइट वापरता येते का, हे तपासणाऱ्या प्रोग्रॅमने शंभरपैकी शंभर दिले. कसे मिळाले ते मलाच ठाऊक. प्रत्येक बटणाला मोबाइलला वाचून दाखवता येईल असं नाव हवं होतं. मी एका फटक्यात सगळ्यांना एकच दिलं, 'बटण'.
शेवटी रकाना होता : दृष्टिहीन व्यक्तीने तपासली का? तिथे शोभाताईचं नाव-गाव टाकलं. माझी आतेबहीण, जन्मापासून दिसत नाही, मोबाइल तिला वाचून दाखवतो. तिला विचारलंसुद्धा नाही. नाहीतरी हो म्हणाली असती…

७ बुध.
शो.ताईचा फोन. त्याच संस्थेत संगीत शिक्षिकेची जागा आहे. बारा वर्षं सौंसरला पोरींना पेटी शिकवतेय. वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची. शनिवारी संध्या. ५ ला फॉर्म बंद.
"फोन नुसता बटण, बटण करून राहिला. कोणतं दाबू, बाप्पा? तू तर अशाच साइटी बनवते न? कोणी केली असन ही?"
म्हणाले, बघते. बघते! एवढंच सुचलं मला.

८ गुरु.
सकाळपासून बसून एकेका बटणाला नाव दिलं. दुपारी संपलंही. एवढंच काम होतं, आणि तेवढंही केलं नव्हतं मी. पण साइटवर चढवणं साहेबांच्या हातात. फोन केला, तर म्हणाले,
"शंभर मिळालेत ना? आता हात लावू नका. त्या शोभा मॅडमनी तपासलीय, तुम्हीच लिहिलंय."
 दुरुस्त साइट तशीच ठेवून दिली.

९ शुक्र.
रामाकोन्याला गेले. ताईने चहा केला. म्हटलं, फॉर्म मी भरून देते.
"आज तू भरशीन. नोकरी लागल्यावर रोजची हजेरीबी याच साइटवर हाय. ते कोण करन?"
मग म्हणाली, "साइटच्या खालची एक ओळ मात्र फोन चांगली वाचते. तपासणी, शोभा, रामाकोना. मले वाटलं दुसरी कोणी असन. पण आपल्या गावात माझ्यासारखी दुसरी कोण हाय?"
सगळं सांगितलं. रडले. ती नाही रडली.
"साहेबाले सांगितलं काय?"
"नाही."
"मंग मले काऊन सांगून राहिली?"
परतताना बसमध्ये स्वतःचीच चीड आली. तिच्यापुढे रडून मोकळी व्हायला गेले होते मी.

१० शनि.
सकाळी ९. साहेबांना मेल केला. तपासणी झालीच नाही, नाव मी खोटं टाकलं, दुरुस्त साइट सोबत जोडलीय, आज चढवा.  नोकरी जाईल बहुतेक.
२ वा. उत्तर नाही. साहेब फोन उचलत नाहीत. ताईला पुन्हा म्हटलं, मी भरते. "थांब अजून."
पावणेपाच. साइट अजून तशीच. ताईचा फोन. तीही ठेवत नाही, मीही नाही. तिचा मोबाइल तेवढा तिकडून ऐकू येतोय. बटण. बटण. बटण.