पर्सीची लोकर

ती. ग्लेनिसताईस,

कॅस्टरटनहून धाकट्या नेव्हिलचा नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? ज्याच्यासाठी तू पर्थला गेलीस, तो नवा नातू आता तरी झोपू देतो का? इकडे मी, मेंढ्या आणि तुझा पर्सी मजेत आहोत. (पर्सी जरा जास्तच सुटसुटीत झाला आहे. त्याविषयी पुढे.)

जाताना फाटकाशी तू बजावलंस, "नेव्ह, याच्या केसालाही धक्का लागला, तर मी पुन्हा तुझ्या दारात पाऊल टाकायची नाही." मी ते विसरलेलो नाही. पण तू माझ्या गळ्यात काय बांधून गेलीस, हेही ऐक. मी जन्मभर मेंढ्या वळणारे केल्पी कुत्रे पाळले. केल्पीला शीळ घातली की मेंढ्या येतात. तुझ्या या ग्रूडलला मेंढ्यांमागे धाडला, तर तो त्यांच्यात जाऊन बसला. आई गोल्डन रिट्रीव्हर, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येकजण याचा मामा. बाप पूडल, त्यामुळे अक्कल माझ्याहून जास्त. फ्रीज उघडायला तो एका सकाळीत शिकला (चॉप्स गेल्या). पूडल मूळचे पाण्यातून बदकं काढून आणणारे कुत्रे, हे तू सांगितलं होतंस. तळ्यात बदक नसलं तरी उडी मारायचं याचं अडत नाही, हे मात्र सांगितलं नव्हतंस. बाहेर आला की मी त्याचे कान आतून पुसतो, नाहीतर घरभर वास सुटतो. माझे दोन बनियन त्यात कामी आले. शिवाय त्याला एकटं राहवत नाही. मी बाथरूममध्ये गेलो, तरी हा दाराबाहेर सुस्कारे टाकत बसतो.

आता केसांचं. तू रोज अगदी कातडीपर्यंत विंचरायला सांगितलं होतंस. मी मनात म्हटलं, ज्याचा केस गळतच नाही, त्याला फणी कशाला? (सुटलेला केस खाली न पडता आतच अडकतो, हे ज्ञान मला उशिरा झालं.) वरून हा कापसासारखा फुललेला आणि आतून पार घोंगडी. गुंता इतका ओढायचा की पोटाला हात लावला तर तो कळवळायचा.

त्यातच लोकर कातरणारे आले. कॉलिनला तू ओळखतेस. कंबरेत वाकला की तो मान वर करत नाही. मी चहा घेत असताना त्याने मेंढ्यांच्या वाड्यातून पुढचं जनावर ओढलं, बुडावर बसवलं आणि पोटावरून यंत्र फिरवायला लागला. पर्सीला वाटलं, कुणीतरी पोट खाजवतंय. तो डोळे मिटून पडला. सगळी लोकर एका तुकड्यात निघाली. लोकरीची प्रतवारी करणाऱ्या डॉटने ती टेबलावर पसरली, वास घेतला आणि ओरडली, "नेव्ह, ही मेंढी पोहायला जाते का रे?" कॉलिन म्हणाला, "तिने माझं नाक चाटलं, तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण ताईंना तूच सांग हं, मी नाही बुवा." कुत्र्याचा केस मेरिनो लोकरीच्या गाठोड्यात गेला असता तर माझी अब्रूच गेली असती. थोडक्यात वाचलो.

पर्सीला कुठे खरचटलेलंसुद्धा नाही. आता तो बारीक आणि गुलाबीसर दिसतो. थंडी वाजते म्हणून माझ्या मॉरीनने मला विणलेला निळा स्वेटर तोच घालतो. पोटाला हात लावला तर आता शेपूट हलवतो.

तुझा,
नेव्हिल

ता. क. लोकर परत यायला थंडी उलटेल. जिलाँगला घरी नेलास, तर किनाऱ्यावर तुझ्या मैत्रिणी त्याला हसतील, ते तुला सोसायचं नाही. तोवर इकडेच येऊन राहा. मागची खोली झाडून ठेवली आहे. मॉरीन गेल्यापासून या घरात मला नावं ठेवायला कुणी नाही, ताई. फार सुनं वाटतं. तिच्या मातीनंतर तू एकदाच आलीस, तेही कुत्रा सोडायला, आणि गाडीतून उतरलीसुद्धा नाहीस.

ता. क. २. कॉलिनला बोलू नकोस. पर्सीला मेंढ्यांच्या रांगेत मीच उभा केला होता. गुंता तर काढायलाच हवा होता. आणि म्हटलं, भांडायला तरी तू खाली उतरशील.